वाणिज्य-अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वाटा आणि नगर जिल्हा

वाणिज्य, व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र या विषयांत पदवीनंतर काय शिकता येते, असे विचारले की महाविद्यालयांची माहितीपत्रके पदव्यांची यादी पुढे करतात: एम.कॉम., एम.ए., एमबीए, पीजीडीएम, सीए, सीएमए, पीएच.डी. यादी चूक नसते, पण तिच्यावरून निवड करता येत नाही. या पदव्यांतला फरक वर्षे, शुल्क आणि पहिला पगार यांच्या भाषेत सांगितला जातो, आणि विद्यार्थीही त्याच भाषेत निवड करतात. वास्तविक प्रत्येक पदवी एकाच व्यवहाराकडे पाहून वेगळा प्रश्न विचारायला शिकवते. कोणता प्रश्न विचारायचा आहे हे ठरल्याशिवाय कोणती पदवी घ्यायची हे ठरत नाही.

हे तपासायला अहिल्यानगर जिल्हा फार सोयीचा आहे. २०२४ साली नाव बदलले तरी बोलण्यात तो अजून नगर जिल्हाच आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा उसाचा पट्टा आणि त्यातले सहकारी साखर कारखाने, दक्षिणेला पाथर्डी-जामखेड-कर्जतचा कोरडवाहू मुलूख, मधे कांद्याचे बाजार, गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्था, नागापूर आणि सुपे येथील एमआयडीसी. अर्थव्यवहाराचे इतके नमुने एका जिल्ह्यात क्वचितच सापडतात. तरीही ज्या शिक्षणाची या जिल्ह्याला सर्वांत जास्त गरज आहे, त्याचीच प्रतिष्ठा इथे सर्वांत कमी आहे. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण आणि शेतीचे अर्थशास्त्र ही त्याची दोन ठळक उदाहरणे.

प्रश्नांतला फरक कांद्यावरून स्पष्ट होतो. पारनेरच्या एखाद्या शेतकऱ्याकडे एप्रिलमध्ये शंभर क्विंटल उन्हाळी कांदा आहे आणि नेप्ती किंवा घोडेगावच्या बाजारात भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे, असे समजू. आज विकला तर दीड लाख येतात. आडत, हमाली, तोलाई वजा जाते ते वेगळे. चाळीत ठेवला तर ऑगस्टपर्यंत सुकून, सडून आणि कोंब फुटून तीस टक्के घट आली असे धरू. उरतो सत्तर क्विंटल. तेच दीड लाख मिळवायला भाव निदान २,१४३ रुपये हवा, आणि चाळीचा खर्च, चार महिन्यांचे व्याज व निवडणीची मजुरी त्यावर चढवायची.

एम.कॉम.चा परिव्यय लेखांकन शिकलेला विद्यार्थी इथे प्रथम विचारील, ही तीस टक्के घट सामान्य की असामान्य? नेहमीची घट असेल तर तिचा बोजा उरलेल्या सत्तर क्विंटलवर पडतो आणि दर क्विंटलचा खर्च वाढतो. अवकाळी पावसाने चाळ भिजून झालेले नुकसान वेगळे काढावे लागते, ते मालाच्या खर्चात मिसळत नाहीत. एमबीए झालेला विचारील, हा कांदा कोणाला विकायचा? प्रतवारी करून मोठा माल वेगळा काढला तर काय फरक पडेल, शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत थेट खरेदीदार गाठता येईल का, आणि खरिपाच्या पेरणीला लागणारी रोकड तोवर कुठून येईल? अर्थशास्त्राचा विद्यार्थी भावाकडेच वळेल. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवली पण शुल्क ठेवले आणि ते १ एप्रिल २०२५ पासून काढले. अशा धोरणाची धास्ती असताना साठवणुकीचा निर्णय कसा बदलतो, आणि शहरी ग्राहकाला मिळालेल्या स्वस्ताईची किंमत नेमकी कोण मोजतो, हे त्याचे प्रश्न. शेती अर्थशास्त्राचा संशोधक मुळात उत्पादन खर्चच मोजायला बसेल आणि ग्राहकाच्या रुपयातले किती पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचले याचा माग काढील. चौघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम करू शकत नाही.

एम.कॉम. ही जुनी, स्वस्त आणि आज सर्वांत दुर्लक्षित पदवी. जिल्ह्यातली वरिष्ठ महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, नगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. नगरचे अहमदनगर कॉलेज १९४७ साली निघाले, संगमनेरचे महाविद्यालय १९६१ साली, आणि श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत अशा गावांत रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आली. त्यामुळे वाणिज्याचे किंवा अर्थशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. एसटीच्या पासावर रोज जाऊन-येऊन एम.कॉम. करणाऱ्या मुलींची संख्या कोणत्याही वर्गात डोळ्यांत भरते, आणि हे या पदवीचे मोठे यश आहे. दोन वर्षे, चार सत्रे, प्रगत लेखांकन, परिव्यय, कर, व्यवसाय प्रशासन. अडचण अशी की हा अभ्यासक्रम लिहिण्यातून शिकवला जातो, करण्यातून नाही. परिव्ययाची गणिते सोडवणारा विद्यार्थी शेजारच्या कारखान्याचा ताळेबंद एकदाही न उघडता पदवीधर होतो.

हिशेबाची शिस्त कशी कामी येते याचे एक उदाहरण मात्र जिल्ह्याबाहेर शोधावे लागत नाही. १९८९ च्या सुमारास हिवरे बाजारचे सरपंच झालेले पोपटराव पवार एम.कॉम. आहेत. त्यांच्या गावात पाणलोटाची कामे झाली तशी ती महाराष्ट्रात इतरत्रही झाली. वेगळे झाले ते पाण्याच्या अंदाजपत्रकामुळे. पाऊस मोजायचा, त्यातून किती पाणी उपलब्ध झाले ते काढायचे, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवायचे, आणि उरलेल्यात रब्बीला कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना मुभा नाही. जमेपेक्षा खर्च जास्त होऊ द्यायचा नाही, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षाचे तत्त्व आहे. एम.कॉम.मुळे हे सुचले असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण जमाखर्चाची ही सवय या पदवीने लागायला हवी, आणि तिची गरज कंपनीच्या कचेरीइतकीच ग्रामपंचायतीलाही आहे.

एम.ए. अर्थशास्त्राचे दुखणे वेगळे. ही पदवी मराठीतून करता येते. ज्या मुलाचे सारे शिक्षण मराठीत झाले त्याला विचार करायला आपली भाषा मिळते, ही फार मोलाची गोष्ट. पण गेल्या काही दशकांत अर्थशास्त्राची भाषा गणित आणि संख्याशास्त्राची झाली. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत किंवा रिझर्व्ह बँकेने १९८७ साली मुंबईत स्थापन केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास सुरू होतो तो कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि अर्थमितीपासून. आर्ट्सला बारावीत गणित सोडलेला विद्यार्थी तिथे प्रवेश परीक्षेतच अडखळतो. नाव दोन्हीकडे अर्थशास्त्रच, पण अभ्यास इतका वेगळा की एकाचा पदवीधर दुसऱ्याची प्रश्नपत्रिका सहज वाचू शकत नाही. भाषेपेक्षा गणिताची दरी मोठी आहे, आणि ती बारावीतल्या विषयनिवडीतच पडते. पदवीच्या तीन वर्षांत संख्याशास्त्राचे दोन पेपर मन लावून केले तरी ती बरीच बुजते. स्पर्धा परीक्षेसाठी एम.ए. करणाऱ्यांना याची गरज वाटत नाही. संशोधनाकडे वळणाऱ्याला ती पहिल्या दिवशी कळते.

एमबीएचे स्थान अगदी निराळे. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आवश्यक असते. नगरजवळ विळद घाटातली विखे पाटील फाउंडेशनची संस्था, संगमनेरची अमृतवाहिनी, कोपरगावची संजीवनी अशा ठिकाणी जिल्ह्यातच ही सोय आहे. त्यात मोठा वाटा अभियांत्रिकी महाविद्यालये चालवणाऱ्या शिक्षण संस्थांचा, आणि त्यांतल्या बहुतेकांची मुळे पुन्हा साखर कारखान्यांत. उसाच्या पैशातून आणि उसाच्या राजकारणातून उभ्या राहिलेल्या संस्थांत विपणन, वित्त, मनुष्यबळ आणि डेटा विश्लेषण शिकवले जाते. सहकारी कारखाना कसा चालवावा हे मात्र ऐच्छिक विषयांतही फारसे दिसत नाही. विद्यार्थी सुट्टीतला प्रकल्प पुण्यात करतो आणि नोकरीसाठी चाकण-हिंजवडीकडे पाहतो. त्यात त्याचा दोष नाही, अभ्यासक्रमाचा रोखच तिकडे आहे.

नावांच्या गोंधळाचा इथे थोडा उलगडा करायला हवा. एमबीए ही विद्यापीठाची पदवी. मुंबई विद्यापीठ तिलाच पूर्वापार एमएमएस म्हणत आले. १९६५ साली सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पीजीडीएम हा पदविका अभ्यासक्रम, कारण तो देणारी संस्था विद्यापीठाला जोडलेली नसते आणि कायद्याने पदवी देऊ शकत नाही. पदविका म्हणून तो कमी दर्जाचा, असे समजणे चूक. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम १९६१ साली निघाल्या, आणि २०१७ चा आयआयएम कायदा होईपर्यंत त्याही पदविकाच देत होत्या. दर्जा नावावरून ठरत नाही, शिक्षक, सहाध्यायी आणि भरतीला येणाऱ्या कंपन्या यांवरून ठरतो. पुणे विद्यापीठाचा १९७१ साली सुरू झालेला व्यवस्थापनशास्त्र विभाग, ‘पुम्बा’, आणि खाजगी संस्थेतला त्याच विद्यापीठाचा एमबीए यांच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव एकच असते. दोन वर्षांचा अनुभव वेगळा असतो. सामान्य क्षमतेच्या संस्थेत कर्ज काढून एमबीए करण्यापेक्षा तालुक्याच्या गावी एम.कॉम. करून सोबत एखादी व्यावसायिक परीक्षा देणे अनेकांना अधिक फळते. हा हिशेब मांडणारा सल्लागार मात्र विद्यार्थ्याला सहसा भेटत नाही, कारण सल्ला देणाराच बहुधा प्रवेश भरणारा असतो.

व्यावसायिक परीक्षांत सनदी लेखापाल, म्हणजे सीए, हे नाव सर्वांना ठाऊक. त्यांची संस्था १९४९ च्या कायद्याने, परिव्यय लेखापालांची १९५९ च्या आणि कंपनी सचिवांची १९८० च्या कायद्याने चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली या तिन्ही पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. परिव्यय लेखापालाचे महत्त्व साखर जिल्ह्यात खरे तर फार असायला हवे. एका टन उसातून किती साखर निघाली, मळी आणि बगॅस कितीला गेले, त्यातून सहवीज किती झाली, ही सारी मांडणी परिव्ययाची आहे. उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला जोडलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो टनाला ३,५५० रुपये ठरला. उतारा दशांशाने हलला की शेतकऱ्याच्या पट्टीतली रक्कम हलते. ऊसदराच्या आंदोलनात ही आकडेमोड तोंडपाठ असलेले कार्यकर्ते दिसतात. वर्गात ती क्वचितच दिसते.

आता शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली जीडीसी अँड ए. पदवीधरांसाठीची ही परीक्षा राज्याचे सहकार खाते घेते. लेखाकर्म, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वे, सहकारी आणि संबंधित कायदे असा तिचा आवाका. ती मराठीतून देता येते आणि शुल्क किरकोळ. महाविद्यालय तिच्या जाहिराती लावत नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही. पण पदविका आणि अनुभव असलेल्या माणसाला सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामिकेत येता येते. हजारो पतसंस्था, सेवा सोसायट्या, दूध संस्था आणि गृहनिर्माण संस्था असलेल्या राज्यात हे आयुष्यभराचे काम आहे.

या कामाचे वजन २०१३ नंतर वाढले. सहकार कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने सहकारी संस्थांना आपला लेखापरीक्षक नामिकेतून स्वतः निवडण्याची मुभा मिळाली. आधी सरकारी लेखापरीक्षकाची वाट पाहावी लागे. ज्या संस्थेचे दोष काढायचे तिनेच परीक्षक नेमायचा आणि त्याचे शुल्कही तिनेच द्यायचे, ही व्यवस्था जिल्ह्याच्या गावात, जिथे सारे एकमेकांना ओळखतात, तिथे नाजूक होते. नगर अर्बन बँक १९१० सालची. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरेसे भांडवल आणि उत्पन्नाची शक्यता नसल्याचे कारण देऊन तिचा परवाना रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंत. त्यावरच्या ठेवीदाराला अवसायकाच्या वसुलीची वाट पाहणे आले. शतकाहून जुनी संस्था बुडाल्यावर दोषारोप बरेच होतात. कर्जाच्या फाइलमध्ये तारण नीट तपासले का, थकीत कर्ज वेळेत अनुत्पादक म्हणून दाखवले का, हे विचारणारा माणूस मात्र एमबीएच्या वर्गात तयार होत नाही. तो लेखापरीक्षणाच्या नीरस वाटणाऱ्या पेपरांतून तयार होतो. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था १९६७ पासून हेच क्षेत्र शिकवते आहे, आणि २०२५ च्या कायद्याने आणंदला त्रिभुवन सहकारी विद्यापीठ स्थापन झाल्यावर सहकाराच्या शिक्षणाकडे देशपातळीवर पुन्हा लक्ष गेले. नगर जिल्ह्याने ते लक्ष स्वतःच आधी द्यायला हवे होते.

शेती अर्थशास्त्राची वाट राहुरीतून जाते. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या विषयात एम.एस्सी. (कृषी) आणि पीएच.डी. करता येते. दार मात्र कृषी पदवीधरांनाच उघडे आहे; बी.ए. किंवा बी.कॉम. झालेला विद्यार्थी आत जाऊ शकत नाही. परिणामी नगरच्या महाविद्यालयातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या राहुरीचा शेती अर्थशास्त्राचा विद्यार्थी एकमेकांना ओळखतही नाहीत.

ही फारकत किती महागात पडते हे पिकांच्या उत्पादन खर्चाच्या योजनेवरून दिसते. केंद्राची ही सर्वंकष योजना १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती राहुरीचे विद्यापीठ राबवते. निवडलेल्या प्रत्येक गावसमूहात आकारानुसार पाच गट पाडून प्रत्येकी दोन, असे दहा शेतकरी घेतात. तिथे राहणारा क्षेत्रीय कर्मचारी त्यांची रोजची नोंद ठेवतो: कोणत्या शेतात किती तास काम, घरचे माणूस की मजूर, बैल स्वतःचे की भाड्याचे, खत किती, पाणी किती. हीच आकडेवारी दिल्लीत कृषी खर्च व मूल्य आयोगाकडे जाते आणि हमीभावाच्या शिफारशीचा आधार होते.

त्यात खर्चाच्या अनेक व्याख्या आहेत आणि सारे राजकारण त्या व्याख्यांत आहे. ‘ए-२’ म्हणजे बियाणे, खते, मजुरी, भाड्याने घेतलेल्या जमिनीचा खंड, असा खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी धरली की ‘ए-२ अधिक एफएल’. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरले की ‘सी-२’. समजा एका एकर सोयाबीनला पहिला खर्च १२,००० रुपये, घरची मजुरी ३,०००, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि व्याज मिळून ५,०००. दीडपट भाव ‘ए-२ अधिक एफएल’वर दिला तर एकरी २२,५०० रुपये हातात यायला हवेत, ‘सी-२’वर दिला तर ३०,०००. केंद्राने २०१८-१९ पासून पहिली पद्धत धरली. शेतकरी संघटना दुसरी मागतात. सरकार म्हणते दीडपट दिला, शेतकरी म्हणतो नाही दिला, आणि आपापल्या व्याख्येत दोघेही बरोबर असतात. हा वाद समजायला अर्थशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यास लागत नाही, पण अर्थशास्त्राची दोन वर्षे झालेल्याला तो समजत नसेल तर त्या अभ्यासात काहीतरी चुकले आहे.

संशोधनाच्या वाटेवर जिल्ह्याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे, फक्त तो बहुतेक बाहेरच्यांनी घडवला. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला एम.लिट.साठी गेले, भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे अनेक दशके अभ्यासला गेला. १९३० साली पुण्यात गोखले संस्था सुरू झाली तेव्हापासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते. त्या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा पाणीपट्टीत मोजायचा की त्यामुळे वाढलेल्या मजुरीत, बाजारात, वाहतुकीत, हा प्रश्न त्यांनी कोपरगाव-श्रीरामपूरच्या मातीत तपासला. मग तोच संचालक लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांसोबत उभा राहिला आणि प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. ज्या पट्ट्याची आकडेवारी गोळा केली त्याच पट्ट्यात उद्योग उभा करण्याची जबाबदारी अर्थतज्ज्ञाने घेतली, असे उदाहरण देशात विरळा. पुढच्या पिढीत बी. एस. बाविस्करांनी दिल्ली विद्यापीठातून कोपरगावच्या सहकारी कारखान्याचा अभ्यास केला आणि साखरेच्या सहकारातले राजकारण उलगडून दाखवले. ते समाजशास्त्रज्ञ होते, हेही ध्यानात घ्यावे. कारखान्याचा ताळेबंद एकट्या अर्थशास्त्राला कळत नाही.

आजच्या पीएच.डी.चे नियम २०२२ साली बदलले. एम.फिल. बंद झाली, किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षांचा कालावधी ठरला, २०२४ पासून प्रवेशासाठी नेटचे गुण धरावेत असे धोरण आले. अध्यापनासाठी राज्यात सेट परीक्षाही चालते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठच घेते. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींमुळे ज्यांच्या घरात पूर्वी पदवीधरही नव्हता अशी मुले संशोधनाला आली. त्यांच्यासमोरची खरी अडचण नंतरची आहे. पीएच.डी. हातात, सेट उत्तीर्ण, आणि काम तासिका तत्त्वावर, सीएचबीवर. अशा माणसाला प्रबंधाचा विषय सोयीचा निवडण्याचा मोह होतो: एखाद्या तालुक्यातल्या पतसंस्थांचा ‘चिकित्सक अभ्यास’, शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीची कोष्टके. पतसंस्था हा विषय उत्तम आहे. तिच्या थकबाकीची वर्षावार यादी मिळवून तपासली तर त्यातून ज्ञान निघेल. सभासद समाधानी आहेत का असे विचारून निघणार नाही.

बाहेर जाऊन शिकण्याची वाटही या जिल्ह्याला अगदी नवी नाही. नगरचे अच्युतराव पटवर्धन अर्थशास्त्र शिकायला बनारसला गेले आणि तिथेच प्राध्यापक झाले. त्या काळी घर सोडल्याशिवाय उच्च शिक्षण नव्हतेच. परदेशाचे म्हणाल तर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांतून अर्थशास्त्रातल्या परदेशी अभ्यासाचे जवळजवळ सारे प्रकार दिसतात: कोलंबियाची एम.ए. १९१५ साली आणि पीएच.डी. १९२७ साली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. १९२१ साली आणि डी.एस्सी. १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर सुरू झालेली ही वाट आज राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीतून काहींना मिळते. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. बहुधा एका वर्षाची आणि स्वखर्चाची, अमेरिकेत पीएच.डी.ला सरळ प्रवेश मिळाला तर पाच वर्षांचा निर्वाहभत्ता मिळू शकतो. पालक पहिलीचा खर्च पाहून दोन्हींना नाही म्हणतात, तेव्हा दुसरीची शक्यता कोणी त्यांना सांगितलेलीच नसते.

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. बँकेतला लिपिक, सोसायटीचा सचिव, दुकान सांभाळणारा तरुण यांच्यासाठी तिथली एम.कॉम. किंवा एमबीए पुरेशी असते, कारण व्यवहार त्यांच्या हाताशी असतो आणि कमतरता पुस्तकाची असते. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे नेमके उलटे. ही उणीव भरून काढायला नव्या शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासात चार श्रेयांकांचे, म्हणजे सुमारे १२० तासांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आणि शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प घातला. तालुक्याच्या गावी हे १२० तास करसल्लागाराच्या कचेरीतल्या सहीशिक्क्यावर भागवता येतात. तेच तास दूध संस्थेच्या फॅटच्या नोंदवहीवर, बाजार समितीच्या आवकीच्या आकड्यांवर किंवा कारखान्याच्या ऊसबिलांवरही घालवता येतात. तास तेवढेच, शुल्क तेवढेच.

पुढचा बदल पदवीच्या पातळीवरून येतो आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झालेली चार वर्षांची ऑनर्स पदवी २०२८ साली पहिल्यांदा बाहेर पडेल. तिच्यानंतरची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची असेल, आणि संशोधनासह चौथे वर्ष ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेल्याला पदव्युत्तर पदवीशिवायही पीएच.डी.चा अर्ज करता येईल. तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबणाऱ्याला एम.कॉम., एम.ए. पूर्वीसारखी दोन वर्षांचीच राहील. म्हणजे कोणता प्रश्न विचारायचा हे विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी ठरवावे लागेल, आणि चौथ्या वर्षाला संशोधनाचा मार्गदर्शक आपल्या महाविद्यालयात आहे की त्यासाठी पुण्याला जायचे, हे त्याआधीच पाहून ठेवावे लागेल.